मूल सीटीच्या टेबलावर आलं की

पुण्यात सीटी स्कॅनच्या कन्सोलवर, म्हणजे मशीन चालवायच्या कॉम्प्युटरवर, बसून माझी बरीच वर्षं गेली. मूल आलं की एकच ध्यास, एक्स-रेचा डोस कमीत कमी. आधी डॉक्टरांची चिठ्ठी वाचा. सोनोग्राफीत भागत असेल तर डॉक्टरांना सरळ फोन लावा. मग प्रोटोकॉल, म्हणजे मशीनची सेटिंग्ज. मोठ्यांचे १२० केव्ही (एक्स-रे ट्यूबचं व्होल्टेज) तसेच ठेवू नका, बारक्या पोटाला बहुतेकदा ८० ते १०० पुरतात.

परवा सिंहगड रोडवरून आलेली तीन वर्षांची चिमुरडी. टेबल दोन बोटं वर घेतलं, लेझरची रेघ बरोबर कुशीच्या मध्यावर आणली. हा मध्य चुकला की स्काउटमध्ये, म्हणजे स्कॅनआधीच्या झटपट चित्रात, मूल जाडं नाहीतर बारीक दिसतं, आणि मशीन एक्स-रे ट्यूबचा करंटच चुकीचा ठरवतं! कॉन्ट्रास्टचं औषध देण्याआधीचा स्कॅनचा फेरा सहसा नकोच. आईला लेड ॲप्रन घालून शेजारी उभं करा, बडबडगीत म्हणू द्या. मूल हललं तर पुन्हा स्कॅन, म्हणजे डोस दुप्पट.