प्लंज राउटर अडकतोय, बिट सरकतंय? मोटर खोलायच्या आधी हे बघा

ठाण्यात वागळे इस्टेटला आमचं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे, आणि दरवर्षी जून-जुलै आला की ओळखीतलं कोणीतरी प्लंज राउटर (लाकडात खाच मारायचं हातातलं मशीन, ज्याची मोटर दाबून खाली नेता येते) पिशवीत घालून येतं, म्हणतं दाबला की खाली जातो पण वर येत नाही, स्प्रिंग गेली वाटतं. स्प्रिंग गेलेली मला क्वचितच सापडलीय. मोटर ज्या दोन दांड्यांवरून वरखाली सरकते, त्यांच्यावर एमडीएफचा (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या बोर्डाचा) भुसा बसलेला असतो, पावसाळ्यात तो ओल धरून ठेवतो, त्याच्याखाली बारीक गंज चढतो आणि त्यावर कोणीतरी तेल सोडलेलं असतं. म्हणून दुकानात न्यायच्या आधी मी सांगतोय त्या क्रमाने बघा, बहुतेक वेळा घरीच काम होतं.

आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही, पिन सॉकेटच्या बाहेर आणि वायरचं टोक तुमच्या डोळ्यांसमोर टेबलावर पाहिजे. बिटही (लाकूड कापणारं फिरतं पातं) काढून ठेवा.

आता दांडे. लॉक सोडून मोटर पूर्ण वर येऊ द्या, ब्लोअरने किंवा जुन्या ब्रशने भुसा उडवा (तोंडाला मास्क आणि डोळ्याला चष्मा लावूनच, एमडीएफची धूळ फार बारीक असते), मग रॉकेलमध्ये ओला केलेला फडका दोन्ही दांड्यांवरून फिरवा, काळं निघायचं थांबेपर्यंत. थिनर नको, प्लास्टिक खराब होतं. गंजाचे डाग असतील तर भांडी घासायची हिरवी घासणी हलक्या हाताने वरखाली चालवा, स्टील वूल वापरू नका कारण त्याचे तुकडे मोटरमध्ये गेले तर शॉर्ट होऊ शकतो. सुकल्यावर मेणबत्तीचं मेण अगदी पातळ चोळून कोरड्या फडक्याने पुसा, किंवा सुकणारा टेफलॉन स्प्रे मिळतो तो मारा. तेल आणि ग्रीस मात्र अजिबात नाही! तेल लावलं की दोन दिवस मशीन मस्त चालतं, मग त्याच तेलात भुसा मिसळून लगदा होतो आणि दांडे पहिल्यापेक्षा जास्त अडकतात.

एवढं करूनही अडकत असेल तर दोन्ही हँडलवर सारखा जोर देऊन दाबून बघा. एकाच हाताने दाबलं तर मोटर तिरकी होऊन अडकतेच, तो मशीनचा दोष नाही. दांड्यांवर रबरी कव्हर असेल आणि फाटलं असेल तर बदला, भुसा तिथूनच आत जातो. स्प्रिंग काढायची वेळ आलीच तर तोंड लांब ठेवा, ती दाबलेली असते, स्क्रू सुटला की उडते.

दुसरी तक्रार बिट सरकण्याची, आणि ह्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे कारण त्यात माझं स्वतःचं नुकसान झालंय. कोपरखैरण्याच्या एका गिऱ्हाइकाच्या कपाटाचे शटर होते, १८ एमएम प्लाय, खाच ६ एमएमची पाहिजे होती, सुरुवातीला बरोबर होती आणि शेवटाला पोचेपर्यंत बिट हळूहळू खाली सरकत १० एमएमच्या पुढे गेलं. कळलं तेव्हा शटर वाया गेलं होतं. बिट नवीन होतं, नट घट्ट होता, पण कॉलेट (बिटाची दांडी पकडणारी चिरा असलेली नळी) मी वर्षभरात एकदाही साफ केलं नव्हतं.

कॉलेटच्या चिरांमध्ये भुसा आणि राळ अडकते, मग ते बिटाला सगळीकडून सारखं पकडत नाही. नट खोलून कॉलेट बाहेर काढा, आतून पितळी ब्रशने, बाहेरून रॉकेलच्या फडक्याने साफ करा, स्पिंडलमधला (मोटरच्या फिरत्या दांड्यातला) उतारही पुसा आणि सगळं कोरडं करा, तिथे तेलाचा थेंबही राहू देऊ नका. कॉलेट आधी नटमध्ये टक् आवाज येईपर्यंत बसवायचं आणि मग स्पिंडलवर चढवायचं. बिट तळापर्यंत घालून २-३ एमएम वर उचला आणि मग पान्याने आवळा. तळाला टेकवून आवळलं तर पकड नीट बसत नाही, आणि दांडीचा निदान पाऊण भाग आत पाहिजे.

साइजही तपासा. आपल्याकडे ६ एमएम आणि पाव इंच सर्रास एकच समजतात, पण पाव इंच म्हणजे ६.३५ एमएम, आणि अर्धा इंच म्हणजे १२.७, १२ नाही. पाव इंचाच्या कॉलेटमध्ये ६ एमएमचं बिट आवळल्यासारखं वाटतं पण ते धोक्याचं आहे. बिटाच्या दांडीवर काळे चट्टे किंवा चरे दिसले तर ते सरकत होतं असं समजा, कॉलेट घासलं असेल तर नवीन घ्या, हा भाग झिजणाराच आहे.

बिट निघत नसेल तर हातोडी मारू नका. बऱ्याच मशीनमध्ये नट एकदा सैल होतो, मग परत घट्ट लागतो, तेव्हा अजून एकदा पाना लावून फिरवायचा असतो, त्या दुसऱ्या फिरवण्यात कॉलेट सुटतं.

लाकूड जळत असेल तर बिटावरची राळ काढा (धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात थोडा वेळ ठेवा, ब्रशने घासा, लगेच पुसा), एकाच जागी थांबू नका, आणि १२ एमएमची खाच एका दमात मारू नका, ३-४ एमएमच्या टप्प्याने जा, डेप्थ स्टॉपच्या (खाचेची खोली ठरवणाऱ्या अडथळ्याच्या) पायऱ्या त्यासाठीच आहेत. ५० एमएमचं मोठं बिट २४,००० आरपीएमवर चालवलं तर त्याच्या धारेचा वेग ताशी २२५ किलोमीटरच्या आसपास जातो, ते १२,००० च्या आसपासच चालवा.

मशीन मध्येच बंद पडतं किंवा जास्त ठिणग्या येतात, तर कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, झिजणारे छोटे ठोकळे) बघा. दोन्ही बाजूंच्या टोप्या उघडून मोजा, ६ एमएमपेक्षा कमी उरले असतील तर जोडीनेच बदला, आणि नवीन घातले की पाच-दहा मिनिटं मोकळं चालवा. नवीन कार्बन घालूनही ठिणग्यांची गोल रिंग दिसत असेल तर बहुतेक आर्मेचरचं (मोटरच्या आतल्या फिरत्या गुंडाळीचं) काम आहे, ते रिपेअरवाल्याकडेच द्या. बेअरिंगचंही तसंच, प्लग काढून स्पिंडल हाताने फिरवा, खरखर लागली किंवा डावी-उजवीकडे हललं तर पुलरशिवाय (बेअरिंग ओढून काढायचं अवजार) हात घालू नका.

एक गोष्ट घरात काम करणाऱ्यांसाठी. १६०० वॅटचा राउटर २३० व्होल्टवर जवळपास ७ अँपिअर ओढतो, म्हणजे भिंतीतला छोटा ६ अँपिअरचा पॉइंट त्याला कमी पडतो, १६ चा वापरा, आणि लांबलचक बारीक एक्स्टेंशन असेल तर मोटर ताकद सोडते आणि गरम होते.

पावसाळ्यात ठेवताना मोटर वर सोडून, लॉक मोकळा ठेवून, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. आणि सगळं साफ करून जोडलंत की लगेच कामाला लागू नका, बिटाच्या दांडीवर कॉलेटला लागून मार्करने बारीक रेघ मारा, वेस्ट प्लायवर फूट-दीड फुटाची खाच मारा, कॅलिपरने सुरुवात आणि शेवट मोजा. माप सारखं आलं आणि रेघ जागची हलली नाही, तरच गिऱ्हाइकाच्या मालावर राउटर ठेवा.