दिवस गेल्यावर विमा शोधताय? आधी एचआरला मेल टाका

दिवस गेल्यावर नवी पॉलिसी काढून बाळंतपणाचा खर्च निघेल, ही आशा सोडा. वैयक्तिक पॉलिसीत प्रसूतीसाठी प्रतीक्षा कालावधी असतो, म्हणजे तेवढा काळ तो खर्च मिळत नाही; बऱ्याचदा हा काळ दोन ते चार वर्षांचा. एजंट हे सगळ्यात शेवटी सांगतो! खरा आधार असतो तो नोकरीतल्या गटविम्याचा. तुमच्या किंवा नवऱ्याच्या कंपनीच्या गटविम्यात बाळंतपण अनेकदा पहिल्या दिवसापासून धरलेलं असतं. मात्र एचआरला लेखीच विचारा: सिझेरियनला किती रुपयांची मर्यादा आहे, बाळाला जन्मल्या दिवसापासून संरक्षण आहे का, आणि त्याचं नाव किती दिवसांत चढवायचं. ही शेवटची मुदत बारशाच्या गडबडीत हमखास हुकते, आणि बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तर बिल आईच्या बिलापेक्षाही मोठं होऊ शकतं. पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल तर पगारपत्रकात ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्यविम्याची, कपात दिसते का, तेही बघा.

यातलं काहीच नसेल तर सरकारी रुग्णालयात लवकर नाव नोंदवा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली तिथे सिझेरियनसकट प्रसूती, औषधं, तपासण्या मोफत असतात. बाळ आजारी पडलं तर वर्षाचं होईपर्यंत त्याचे उपचारही.