आंब्याचं पेज लोक बघतात पण ऑर्डर येत नाही? फॉर्ममधल्या या चुका टाळा

मार्च लागला की देवगड, राजापूर, रत्नागिरी पट्ट्यातले बरेच बागायतदार आता स्वतःचं वेब पेज काढतात, वाशीच्या घाऊक बाजाराला पेट्या पाठवून पट्टीची, म्हणजे दलालाकडून येणाऱ्या विक्रीच्या हिशेबाची, वाट बघत बसण्यापेक्षा पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला थेट पेटी पाठवलेली बरी, आणि हे फार चांगलं चाललंय. अडचण पुढे येते. पेजवर माणसं येतायत, इन्स्टावरून लिंक दाबतायत, पण ऑर्डर काही पडत नाही, मग बागायतदार म्हणतो जाहिरातीला अजून थोडे पैसे टाकूया. मी ही पेजेस बनवायची आणि दुरुस्त करायची कामं करतो, आणि माझं पहिलं सांगणं हेच असतं की जाहिरात थांबवा आणि आधी तो फॉर्म स्वतःच्या मोबाइलवर, एका हाताने, पहिल्यापासून शेवटपर्यंत भरून बघा. बहुतेक वेळा गळती तिथेच सापडते. कारण फॉर्म बनवताना आपल्या एक्सेल शीटला काय काय लागेल एवढाच विचार झालेला असतो, भरणारा लोकलमध्ये उभा आहे, एका हातात बॅग आहे, हे कोणी लक्षातच घेत नाही.

आधी पेज. भाव कुठाय?

पेज उघडलं की वर बागेच्या फोटोंचा स्लायडर, खाली आजोबांनी कलमं कधी लावली ते, मग संचालकांचं मनोगत, आणि डझनाचा भाव सगळ्यात खाली नाहीतर "भावासाठी कॉल करा". असं करू नका हो. माणूस चार गोष्टी बघायला आलाय, डझन कितीला, फळ किती ग्रॅमचं, माझ्या पिनकोडला येतं का, आणि कधी येतं. या चारही गोष्टी पहिल्या स्क्रीनवर दिसल्या पाहिजेत. भाव रोज बदलतो हे खरंय, मग "आजचा भाव" असं लिहून शेजारी तारीख टाका, लोकांना तेवढं समजतं. बागेची गोष्ट जरूर सांगा, पण खाली. आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यात तुमची नोंदणी असेल तर तो नंबर मात्र भावाच्या शेजारीच द्या, कर्नाटकातला आंबा देवगड म्हणून विकला जातो त्या बाजारात तो नंबर बघून गिऱ्हाईक थांबतं.

अजून एक, भावाचं पोस्टर डीटीपीवाल्याकडून करून घ्यायचं आणि तोच फोटो पेजवर चिकटवायचा ही सवय सोडा. फोटोतला मजकूर गूगलला नीट सापडत नाही, मोबाइलवर अक्षर मुंगीएवढं दिसतं, आणि दृष्टिहीन माणसाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं ॲप, तो वाचूच शकत नाही. भाव साध्या मजकुरात लिहा. बाकीचे फोटो मोबाइलमधून काढले तसेच चार-पाच एमबीचे अपलोड होतात, ते रुंदीला १२०० पिक्सेलपर्यंत आणून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात सेव्ह केले की दोनशे केबीच्या आत सहज बसतात. गूगलच्या मोजमापात पेजचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसला तर चांगलं धरतात, त्यांच्याच पेजस्पीड इनसाइट्स या साइटवर लिंक टाकली की फुकटात कळतं तुमचं किती येतंय ते.

जे लागत नाही ते विचारू नका

पेटी पाठवायला काय लागतं? नाव, मोबाइल, पिनकोड, पत्ता, किती डझन. झालं. तरी फॉर्ममध्ये ईमेल कंपल्सरी, जन्मतारीख, स्त्री की पुरुष, "आमच्याबद्दल कुठून कळलं", आणि वर अकाउंट उघडून पासवर्ड ठेवा. वर्षातून एकदा आंबा घेणारा माणूस तुमच्याकडे पासवर्ड कशाला ठेवेल? २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यातही हेच आहे, ज्या कामासाठी संमती घेताय त्या कामाला लागेल तेवढीच माहिती, आणि संमतीचा मजकूर इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय माणसाला मिळाला पाहिजे, म्हणजे मराठीत सुद्धा. तेव्हा दोन ओळी स्वच्छ मराठीत लिहा की नंबर डिलिव्हरीसाठी वापरू, बाकी कोणाला देणार नाही, आणि मग खरंच देऊ नका.

नावाच्या रकान्यात माणसं अडकतात

इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण मला या गोष्टीचा खरंच राग येतो. तयार टेम्पलेट, म्हणजे पेजचा साचा, परदेशी असतं, त्यात नाव तपासायचा नियम ए ते झेड एवढाच, मग आजीने मराठी कीबोर्डवर "शैलजा" असं टाइप केलं की लाल अक्षरात येतं, कृपया वैध नाव टाका. स्वतःचं नाव स्वतःच्या भाषेत बरोबर लिहिलंय आणि पेज म्हणतंय चूक आहे. वसई आणि गोव्याकडच्या डिसोझा, डिमेलो मंडळींच्या आडनावात इंग्रजीत वरती टिंबासारखं चिन्ह असतं, तेही हे नियम नाकारतात. नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन रकाने आणि तिन्ही कंपल्सरी, मग ज्यांचं मधलं नाव नाही ते डॉट टाकतात, लग्नानंतर कोणतं नाव लिहू असा प्रश्न बायकांना पडतो. शिवाय आता महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नावही आलंय, म्हणजे ही मुलं मोठी होऊन फॉर्म भरतील तेव्हा तुमचे तीन रकाने पुरणार नाहीत. सरळ एकच रकाना ठेवा, "पूर्ण नाव", आणि कसलाही नियम लावू नका. कुरिअरच्या लेबलवर जे छापायचं ते माणूस बरोबर लिहितो. कुरिअर कंपनीला इंग्रजीच लागत असेल तर तसं रकान्याच्या वर आधीच लिहा, माणसाने सगळं भरल्यावर सांगू नका.

मोबाइल नंबर: ही चूक दिसत पण नाही

रकान्याला दहा अक्षरांची मर्यादा घातलेली असते. माणूस कॉन्टॅक्टमधून नंबर कॉपी करतो, पुढे शून्य लागलेला, म्हणजे एकूण अकरा आकडे. पेस्ट केलं की रकाना पहिले दहा घेतो आणि शेवटचा आकडा गुपचूप कापतो. दहा आकडे भरले म्हणून फॉर्म पण खूश, माणूस पण खूश, आणि तुमच्याकडे आलेला नंबर चुकीचा. पेटी कल्याणच्या गोडाउनला पडून राहते, कुरिअरवाला म्हणतो फोन लागत नाही, आणि आंबा काय थांबत नाही कोणासाठी. डेव्हलपरला सांगा की मर्यादा काढ, स्पेस, डॅश, पुढचा शून्य, प्लस एक्याण्णव सगळं येऊ दे, साफसफाई कोडने कर आणि मग दहा आकडे आणि पहिला सहा ते नऊमधला आहे का एवढं तपास.

त्यात भर म्हणजे मराठी कीबोर्डवरून लोक ९८ असे देवनागरी आकडे टाकतात, आणि नेहमीची तपासणी फक्त इंग्रजी आकडेच ओळखते, म्हणून डोळ्याला बरोबर दिसणारा नंबर नाकारला जातो आणि का ते त्या माणसाला कळायला काही मार्गच नसतो. हे दहा आकडे इंग्रजीत बदलून घेणं एका ओळीचं काम आहे. आणि रकान्याचा टाइप "टेल" ठेवा म्हणजे आकड्यांचा कीपॅडच वर येतो, "नंबर" ठेवू नका, तो मोजायच्या आकड्यांसाठी आहे.

जिल्ह्यांची यादी

महाराष्ट्राचे ३६ जिल्हे मराठीत लिहिलेत पण क्रम इंग्रजी ए-बी-सीचाच राहिलाय, हे किती तरी ठिकाणी दिसतं. मराठी वाचणारा माणूस ठाणे शोधायला च-ज-ट च्या आसपास जातो आणि ते असतं पार खाली सोलापूरनंतर. चंद्रपूर बुलढाण्याच्या खाली का आहे हेही त्याला समजत नाही. मराठी क्रमाने लावा, ब्राउझरमध्येच ती सोय असते. आणि नावं बदललेले जिल्हे, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर, यात शोधताना कोणी औरंगाबाद, उस्मानाबाद किंवा अहमदनगर टाइप केलं तरी सापडलं पाहिजे, लोकांच्या जुन्या कागदांवर तेच आहे.

खरं तर ही यादीच नको. सहा आकडी पिनकोड आधी विचारा, त्यावरून जिल्हा आणि राज्य आपोआप भरा, आणि तिथल्या तिथे सांगा की या पिनकोडला अमुक दिवसात पेटी पोचते किंवा आम्ही पाठवत नाही. नाही म्हणायचंय तर माणसाचा सगळा पत्ता लिहून व्हायच्या आधी म्हणा. फक्त भरलेला जिल्हा हाताने बदलता आला पाहिजे, आणि गावाचं नाव त्याला स्वतःलाच लिहू दे, एका पिनखाली बरीच गावं असतात.

दिसायच्या बारीक गोष्टी, पण त्याच नडतात

रकान्याचं नाव रकान्याच्या आतच फिकट अक्षरात लिहायची फॅशन आहे. टाइप करायला लागलं की ते गायब, मग मध्येच फोन आला आणि परत आलं तर हा रकाना कशाचा होता ते आठवत नाही. नाव रकान्याच्या वर लिहा, कायम दिसेल असं. अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवलं तर आयफोनवर रकान्यात बोट लावताच पेज झूम होऊन बाजूला सरकतं, "आयफोनवर फॉर्म हलतो" ही तक्रार आली की सीएसएसमध्ये, म्हणजे पेजच्या दिसण्याच्या कोडमध्ये, दुसरं काही शोधत बसू नका, आधी हे बघा.

देवनागरीचं वेगळं आहे. इंग्रजीसाठी ठेवलेली ओळींची उंची मराठीला पुरत नाही, वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात, बटनावर तर हमखास, म्हणून दीडपट किंवा जरा जास्तच ठेवा. अक्षरांमध्ये अंतर द्यायची डिझाइनरची सवय इंग्रजीला शोभते, मराठीत शिरोरेघ तुटते आणि शब्द विस्कटलेला दिसतो. पेजची भाषा कोडमध्ये मराठी म्हणून नोंदवा, स्क्रीन रीडर मग मराठी म्हणून वाचतो आणि काही फॉन्टमध्ये ल आणि श आपल्या वळणाचे येतात.

चूक दाखवायची तर ज्या रकान्यात आहे त्याच्याच खाली, आणि काय करायचं ते लिहून. "पिनकोडमध्ये सहा आकडे हवेत, पाचच आलेत" असं. आणि एका चुकीसाठी सगळा फॉर्म कोरा करणारी पेजेस अजून आहेत, तसं असेल तर बाकी सगळं सोडा आणि आधी ते दुरुस्त करा, दुसऱ्यांदा तोच पत्ता टाइप करायला कोणी थांबत नाही.

पैसे भरताना

क्यूआर कोड पेजवर लावलाय, छान, पण गिऱ्हाईक ते पेज ज्या मोबाइलवर बघतंय त्याच मोबाइलने तो स्कॅन कसा करणार? मोबाइलवर यूपीआय ॲप उघडणारं बटन द्या, सोबत यूपीआय आयडी कॉपी करायची सोय ठेवा, क्यूआर लॅपटॉपवाल्यांसाठी राहू दे.

पेटीचा भाव एक दाखवायचा आणि शेवटच्या पानावर पॅकिंग, कुरिअर, हाताळणी असं वाढवत न्यायचं, हे तर करूच नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या डिझाइनच्या युक्त्यांच्या, मार्गदर्शक तत्त्वांमध्ये १३ प्रकार दिलेत, त्यात हे थेंब थेंब किंमत वाढवणं आहे, आणि न विचारता आधीच टिक करून ठेवलेली देणगी किंवा आंबापोळीचं पाकीट कार्टमध्ये सरकवणंही आहे. कायद्याचं राहू दे, पुढच्या वर्षी तोच माणूस परत यायला हवा ना?

बटन एकदा दाबलं की ते लगेच बंद करा आणि "ऑर्डर जातेय" असं दाखवा, नाहीतर नेट मंद असलं की माणूस तीनदा दाबतो आणि तीन पेट्यांची ऑर्डर पडते. पैसे गेल्यावर ऑर्डर नंबर मोठ्या अक्षरात द्या. मराठी एसएमएस पाठवत असाल तर तो ७० अक्षरांत बसवा, इंग्रजीला १६० मिळतात, मराठी त्यापुढे गेला की एकाचे दोन मोजले जातात आणि बिलही तसंच येतं.

सगळं बरोबर आहे तरी ऑर्डर पोचत नाही

मग हे बघा. फॉर्मचा मेल स्पॅममध्ये जातोय का? बऱ्याच फॉर्मचं सेटिंग असं असतं की मेल गिऱ्हाइकाच्याच पत्त्यावरून आल्यासारखा दिसतो, पण पाठवतोय तुमचा सर्व्हर, त्यामुळे जीमेलला तो बनावट वाटतो, आणि फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल-याहूचे नियम अजून कडक झालेत. पाठवणारा पत्ता तुमच्या स्वतःच्या डोमेनचा ठेवा, गिऱ्हाइकाने ईमेल दिला असेल तर तो "रिप्लाय टू" मध्ये टाका, एसएमटीपीवरून, म्हणजे तुमच्या मेल खात्यात लॉगिन करून, पाठवा. आणि नुसत्या मेलवर विसंबू नका, प्रत्येक ऑर्डर शीटमध्ये किंवा डेटाबेसमध्येही पडली पाहिजे.

ऑर्डर आलीये पण नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतायत तर डेटाबेसचं टेबल जुन्या एन्कोडिंगवर (अक्षरं साठवायच्या पद्धतीवर) आहे, ते मराठी चालणाऱ्या यूटीएफ-८ एमबी ४ वर न्या, मात्र जी नावं आधीच प्रश्नचिन्हं झालीत ती परत येत नाहीत, त्या लोकांना फोनच करावा लागेल. पेजवरचा मराठी मजकूर अगम्य दिसत असेल तर तो डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधून आणलेला असणार, युनिकोडमध्ये बदलून घ्या.

व्हॉट्सॲपचं बटन दाबून काहीच होत नसेल तर लिंकमधला नंबर बघा, तिथे ९१ आणि पुढे सलग दहा आकडे लागतात, प्लस नको, शून्य नको, स्पेस नको.

आणि हंगाम संपला की जूनमध्ये ऑर्डरचं बटन तसंच चालू ठेवू नका, लोक पैसे भरतात आणि मग परत करायची धावपळ होते. त्या जागी "यंदाचा आंबा संपला, पुढच्या हंगामात कळवू का?" असं लिहून फक्त मोबाइलचा एक रकाना ठेवा, कशासाठी घेतोय ते खाली लिहा, आणि मार्चमध्ये पहिला मेसेज त्याच लोकांना पाठवा.