कर्नलचा पॅच लावण्याआधीची तयारी

लिनक्सच्या कर्नलचं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचं, पॅकेज अपडेट झालं म्हणजे काम झालं, असं धरू नका. नवा कर्नल डिस्कवर येतो, पण रीबूट होईपर्यंत मेमरीत जुनाच चालू असतो. त्यामुळे सगळी तयारी रीबूट डोळ्यांसमोर ठेवून करायची.

आधी पॅच जी चूक दुरुस्त करतो ती नेमकी काय होती ते समजून घ्या. किती घाई करायची, हे त्यावरच ठरतं. जानेवारी २०२२ मध्ये दुरुस्त झालेली लिनक्समधली सीव्हीई-२०२२-०१८५ घ्या (सीव्हीई म्हणजे सुरक्षेतल्या जाहीर त्रुटीला दिलेला क्रमांक). फाइलसिस्टिम माउंट करतानाचे, म्हणजे वापरासाठी जोडतानाचे, पर्याय साठवायला कर्नल मेमरीचं एक पान घेतं, बहुतेक मशीनवर ४०९६ बाइटचं. नवा पर्याय मावेल का हे बघायला ४०९६ मधून २ आणि आधी भरलेले बाइट वजा होत. भरलेले ४०९५ असले की उत्तर उणे १ यायला हवं. पण हिशेब चिन्हविरहित, म्हणजे उणे होऊच न शकणाऱ्या, संख्यांचा, त्यामुळे उणे १ ऐवजी अवाढव्य संख्या यायची, तपासणी पार व्हायची आणि मजकूर पानाबाहेर, शेजारच्या मेमरीवर लिहिला जायचा. दुरुस्तीत वजाबाकी काढून बेरीज आणली, बस. इतक्या छोट्या चुकीतून साधा युजर रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, होऊ शकत होता, म्हणून हा विषय मी हलक्यात घेऊ देत नाही.

ही चूक ५.१ पासूनच्या कर्नलमध्ये होती. तिचा फायदा घ्यायला लागणारा अधिकार साध्या युजरला युजर नेमस्पेस (युजर आणि अधिकारांचा वेगळा कप्पा) उघडून मिळे. त्यामुळे मशीनची यादी करताना जिथे अनेकांची लॉगिन आहेत किंवा परका कोड चालतो, ती वर घ्या: शेअर्ड सर्व्हर, सीआय रनर (कोडचे बिल्ड आणि चाचण्या आपोआप चालवणारं मशीन), कंटेनर होस्ट (ज्यावर कंटेनर, म्हणजे वेगळे ठेवलेले प्रोग्रॅम, चालतात ते मशीन). कंटेनरची इमेज बदलून काही होणार नाही, कर्नल होस्टचाच असतो.

प्रत्येक मशीनवर ‘यूनेम -आर’ (uname -r, चालू कर्नलची आवृत्ती दाखवणारी आज्ञा) चालवून नोंद ठेवा, पण नुसत्या आकड्यावर निकाल देऊ नका. डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची तयार वितरणं, जुन्या आवृत्तीतच दुरुस्ती आणून बसवतात (बॅकपोर्ट). पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदीत, सीव्हीई क्रमांक शोधा. लाइव्हपॅच (रीबूट न करता चालू कर्नलला लावलेला पॅच) वापरत असाल तर त्यात हीच सीव्हीई आहे का, तेही बघा.

आज रीबूट शक्यच नसेल तर सिसकंट्रोलमधून (sysctl, चालू कर्नलच्या सेटिंग बदलण्याचं साधन) युजर नेमस्पेसची कमाल संख्या शून्य करा. रूटलेस कंटेनर (रूट अधिकाराशिवाय चालणारे) आणि काही ब्राउझरचं सँडबॉक्स (पानांचा कोड वेगळा ठेवणारं कुंपण) युजर नेमस्पेसवरच चालतं, तेव्हा आधी एका मशीनवर करून बघा.

मग रीबूटची तयारी. बूट पार्टिशनमध्ये जागा हवी. बाहेरून बसवलेली मॉड्यूल्स (कर्नलला जोडलेले ड्रायव्हरसारखे भाग) डीकेएमएसने, म्हणजे ती आपोआप बिल्ड करणाऱ्या साधनाने, नव्या कर्नलसाठी बिल्ड झाली पाहिजेत, सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड बूट होऊ देणारी सोय) असेल तर साइनही. ग्रबमध्ये, म्हणजे बूट होताना कर्नल निवडायच्या मेनूत, जुना कर्नल सध्या राहू द्या. बॅकअप रिस्टोअर करून पाहिलेला असावा. आणि कन्सोलचा, म्हणजे मशीनच्या थेट स्क्रीन-कीबोर्डचा, ॲक्सेस आधीच तपासा. मशीन बूटच झालं नाही तर एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरून केलेलं लॉगिन, कामाला येत नाही. हा मुद्दा सगळ्यात जास्त राहून जातो.

कमी महत्त्वाचं मशीन आधी रीबूट करा, नेहमीचा लोड येऊ द्या, मग बाकीची घ्या. दरवेळी ‘यूनेम -आर’ पुन्हा बघा, सर्व्हिस आपोआप उठल्या का तेही. सगळं स्थिर झालं की नेमस्पेसची मर्यादा पूर्ववत करा आणि सदोष कर्नल काढून टाका, नाहीतर पुढे कधीतरी कोणीतरी ग्रबमधून तोच निवडेल.