घोडा का अडला? आधी खोगीर उचलून बघा

पान का सडलं, भाकरी का करपली, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं, न फिरवल्यामुळे. माझी घोडी मात्र रोज फिरायची आणि तरीही अडायची. खोगीर घेऊन येताना दिसले की कान मागे, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला घेतला की दात, आणि दुडकीतून कँटर, म्हणजे हलकी दौड, मागितला की शेपूट फटकारत जागच्या जागी उभी. सगळे म्हणाले नखरे आहेत, चाबूक दाखवा. मी चाबूक नाही दाखवला पण त्याहून शहाणपणाचंही काही केलं नाही, खोगिराखाली एक जाड पॅड घातलं, मग त्यावर जेलचं, मग मेंढीच्या लोकरीचं, म्हणजे अगदी शब्दशः खोगीरभरती. चार महिन्यांत तिच्या पाठीवर दोन्हीकडे खळगे पडले आणि डाव्या बाजूला अंगठ्याच्या नखाएवढा पांढऱ्या केसांचा ठिपका आला. सततच्या दाबाने केसांच्या मुळाशी इजा झाली की तिथे पांढरा केस येतो आणि तो बहुतेक वेळा कायमचाच. तर तेव्हा मी जे करायला हवं होतं ते खाली लिहितेय.

खोगीर बाजूला ठेवा, आधी नुसती पाठ बघायची. घोडा सपाट जमिनीवर, चारही पाय सरळ, मान समोर, आणि दोर कुणाच्या तरी हातात. मान संपते तिथला उंचवटा म्हणजे विदर्स, त्याच्या पुढच्या बाजूला खांद्याचं सपाट हाड हाताला लागतं, त्याची मागची कड चाचपून खडूने रेघ मारा. मग कुशीपाशी शेवटची बरगडी शोधा आणि ती बोटांनी वर वर मणक्यापर्यंत नेत तिथे दुसरी रेघ. घोड्याला साधारण बरगड्यांच्या १८ जोड्या असतात, आणि या शेवटच्या बरगडीच्या मागे कमरेचा भाग सुरू होतो, तिथल्या मणक्यांना बरगड्यांचा आधार नाही, म्हणून तिथे वजन नको. या दोन रेघांच्या मधली जागा, तेवढीच तुमची. आखूड पाठीच्या घोड्यात ती इतकी कमी निघते की आपण बघतच राहतो. सीटचा साइज १७ इंच की साडेसतरा हे स्वाराच्या मांडीवरून ठरतं, घोड्याला त्याचं काही देणंघेणं नाही, त्याला फक्त खालचं पॅनल, म्हणजे पाठीवर टेकणारी भरलेली गादी, किती लांब आहे एवढंच कळतं. लांब पायांचा स्वार आणि आखूड पाठीचा घोडा अशी जोडी असली की खरी पंचाईत तिथेच होते.

आता मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, मणका सोडून, बोटांच्या पेरांनी सावकाश दाबत मागे जा, नखं नाही. जिथे घोडा पाठ खाली सोडतो, कातडी थरथरवते, मान वर करतो किंवा वळून बघतो ती जागा लक्षात ठेवा. आणि काहीच न करता पाठ लाकडासारखी ताठ ठेवणारा घोडाही दुखणं लपवत असू शकतो, हे मला फार उशिरा कळलं. विदर्सच्या मागे खळगा आहे का तेही बघा, बरेच लोक त्याला "याची ठेवणच अशी" म्हणतात, पण तो बऱ्याचदा स्नायू झडल्याचा खळगा असतो.

मग खोगीर, पॅडशिवाय. हे महत्त्वाचं आहे, पॅड घालून तपासणं म्हणजे रजई पांघरून नाडी बघण्यासारखं. खोगीर थोडं पुढे, विदर्सवर ठेवा आणि केसांच्या दिशेने मागे सरकवत न्या, ते आपोआप एका जागी थांबतं, पुन्हा दोनतीनदा करून बघा, तीच जागा येते का. बहुतेक जण खोगीर पुढे ठेवतात आणि तिथेच घोडं पेंड खातं. पुढचा पाय पुढे गेला की खांद्याच्या हाडाचा वरचा भाग मागे फिरतो, आणि तो येऊन खोगिराच्या आतल्या सांगाड्याच्या, म्हणजे ट्रीच्या, टोकांवर आदळला तर पाऊल आखूड पडणारच. म्हणून ट्रीची टोकं मघाच्या पुढच्या रेघेच्या दोनतीन बोटं मागे हवीत. ही टोकं फ्लॅप, म्हणजे बाजूला लोंबणारं चामडं, उचलला की चामड्याच्या खिशात सापडतात. नुसता फ्लॅप खांद्यावर आला तर चालतं, तो मऊ असतो.

बाजूने बघा. बसायची सगळ्यात खोलगट जागा सीटच्या मध्यावर यायला हवी. एक गोल पेन्सिल सीटवर आडवी सोडा, ती घरंगळत जिथे थांबेल तिथे तुम्ही बसणार. मागे जाऊन थांबली तर पुढचा भाग उंच झालाय, म्हणजे बहुधा ट्री अरुंद आहे आणि खोगीर पाठीवर बसायच्या ऐवजी चिमट्यासारखं वर अडकलंय. पुढे थांबली तर ट्री बहुधा रुंद आहे आणि खोगीर विदर्सवर कोसळतंय. माझं पहिल्या प्रकारातलं होतं, आणि मी त्यात तीन पॅड कोंबून ते अजून अरुंद केलं, तंग बुटात तीन मोजे घालून चालायला सांगावं तसं. एक सांगते, ट्रीवरच्या नंबरावर किंवा "मीडियम" या शब्दावर जाऊ नका, एका कंपनीचं मीडियम दुसऱ्या कंपनीच्या नॅरोएवढं असू शकतं. समोरून बघा, ट्रीचा कोन आणि खांद्यामागच्या उताराचा कोन एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत.

विदर्सच्या वर, स्वार नसताना, दोनतीन बोटं उभी जातील एवढी जागा हवी, आणि स्वार बसल्यावरही निदान दोन बोटं. बाजूंनीही हवी, नुसती वरून नाही, बाजूची लोक विसरतात. मग मागे उभं राहून, म्हणजे लाथेच्या टप्प्याबाहेर, दोन पॅनलच्या मधल्या खाचेतून आरपार बघा, पुढचा उजेड दिसला पाहिजे. ही खाच पुढून मागेपर्यंत तीनचार बोटं रुंद लागते, मागे जाऊन निमुळती झाली तर पॅनल मणक्यावर चढतं.

आता हात. तळहात वर करून पॅनलखाली पुढून सरकवा आणि मागपर्यंत न्या, दाब सगळीकडे सारखा लागला पाहिजे. पुढे घट्ट, मधे हात मोकळा आणि मागे परत घट्ट असं झालं तर खोगीर पुलासारखं दोन टोकांवर टेकलंय, सगळं वजन चार ठिकाणी. उलट मधेच टेकत असेल तर वरून पुढेमागे हलवल्यावर ते झोपाळ्यासारखं डुलेल. दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा. बऱ्याच घोड्यांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा भरलेला असतो. अशा वेळी खोगीर मोठ्या खांद्याच्या मापाचं घ्यायचं आणि लहान बाजूला शिम, म्हणजे पातळ पट्टी, घालून भरायचं, उलटं केलं की मोठा खांदा चेपला जातो.

तंगाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण नावच तंग आहे म्हणून लोक तो तंग करतातच. आधी तो कुठे पडतो बघा, कोपराच्या मागे चारेक बोटांवर छातीला जी अरुंद जागा असते तिथेच तो जाणार, तुम्ही कुठेही बांधा. खोगिराचे पट्टे त्या जागेच्या अगदी वर सरळ लोंबत असतील तर उत्तम, मागे पडत असतील तर चालताना तंग पुढे येतो आणि सोबत खोगीर खांद्यावर ओढतो, मग तुम्ही दर दहा मिनिटांनी उतरून मागे सरकवत बसता. आवळताना एकदम नाही, एक भोक, मग दोन मिनिटं हाताने चालवा, मग पुढचं भोक, दोन्ही बाजूंना सारखं, शेवटी पुढचे पाय एकेक करून हलके पुढे ताणा म्हणजे अडकलेली कातडी सुटते. तंगाखाली वाळलेला घाम आणि माती राहिली तर कितीही महागाचं खोगीर असू दे, फोड येणार, त्यामुळे खरारा झाल्याशिवाय तंग नाही.

पॅड एकच, पातळ, आणि चढवल्यावर विदर्सच्या जागी वर ओढून खाचेत घ्यायचं. तसं न केलं की ते ताणून विदर्सवर दाबत राहतं, ढोलावरच्या चामड्यासारखं.

वर बसताना स्टूल किंवा ओटा वापरा. जमिनीवरून रिकिबीत पाय घालून चढलं की खोगीर डावीकडे ओढलं जातं आणि ते धरून ठेवायचं काम विदर्सच्या उजव्या बाजूला करावं लागतं, रोज तेच केलं तर घोड्याचंही नुकसान आणि ट्रीचंही. इथे "आम्हाला ओटा लागत नाही" म्हणून मिरवणारे लोक भेटतात, त्यांना मिरवू द्या.

चालताना कुणाला तरी मागून बघायला सांगा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे गोल फिरवून. खोगीर सारखं एकाच बाजूला घसरत असेल तर लगेच खोगिराला दोष देऊ नका, स्वार वाकडा बसत असेल किंवा घोडा मागच्या पायाने लंगडत असेल, तेही इतकं थोडं की डोळ्याला दिसत नाही. सू डायसन आणि लीने ग्रेव्ह या पशुवैद्यांचा २०१३ चा अभ्यास याच विषयावर आहे, मागच्या पायाचं दुखणं इंजेक्शनने तात्पुरतं बधिर केल्यावर बहुतेक घोड्यांचं खोगीर घसरायचं थांबलं. याच डायसनबाईंनी २०१८ मध्ये स्वार बसलेला असताना दिसणाऱ्या २४ खुणांची यादी मांडली, कान ५ सेकंद किंवा जास्त मागे ठेवणं, तोंड उघडं ठेवणं, शेपूट फटकारणं, टक लावून ताठ बघणं, मागचे खुर घासणं वगैरे, आणि त्यातल्या ८ किंवा जास्त दिसल्या तर हाडास्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता बरीच असते. मी ती यादी माझ्या घोडीवर लावली तेव्हा अकरावर थांबले, पुढे मोजायचा धीर नव्हता. नखरे म्हणे.

अर्धा तास काम झाल्यावर खोगीर उतरवा आणि घामाचा नकाशा बघा. मणक्यावरचा पट्टा कोरडा असणं बरोबर आहे. पण दोन्ही बाजूंच्या ओल्या भागात मधेच कोरडा ठिपका असेल तर दोन अर्थ होतात, एकतर तिथे फार दाब आहे किंवा तिथे खोगीर टेकतच नाही, आणि कुठला खरा ते परत तळहात घालूनच कळतं. मागच्या बाजूला केस विस्कटलेले, भोवऱ्यासारखे फिरलेले दिसले तर खोगीर तिथे हलतंय. वीसेक मिनिटांनी परत हात फिरवा, फुगवटा किंवा गरम जागा कधी कधी उशिरा वर येते.

जुनं खोगीर घेत असाल तर आधी ट्री शाबूत आहे का बघा. पुढचा भाग मांडीला टेकवा, मागचा भाग दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढा, थोडी लवचीकता असते, पण कुरकुर आवाज आला, एकाच ठिकाणी दुमडलं किंवा सीटवर आडवी सुरकुती पडली तर ते खोगीर भिंतीवर टांगायला छान. घोडा ज्या खोगिरावर लोळलाय किंवा जे जोरात पडलंय, तेही असंच तपासून मगच पाठीवर घालायचं.

वजनाचा विषय काढला की लोक चिडतात तरी काढते. स्वार अधिक खोगीर अधिक बाकी सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत, हा बऱ्याच ठिकाणी पाळला जाणारा हिशोब. म्हणजे ४५० किलोच्या घोड्यावर सगळं मिळून ९० किलो. २००८ च्या एका अभ्यासात घोड्यांवर १५, २०, २५ आणि ३० टक्के वजन देऊन पाहिलं होतं, २५ आणि ३० टक्क्यांना हृदयाचे ठोके वाढले आणि स्नायूंचं दुखणंही जास्त दिसलं. म्हातारा, कच्चा किंवा सुट्टीवरून आलेला घोडा असेल तर २० पण जास्त.

इतकं सगळं नीट बसलं तरी ते आजचं आहे. घोड्याची पाठ काम, खाणं, ऋतू, वय यांनी बदलत राहते, आणि नवीन खोगिरातली लोकरही पहिल्या काही महिन्यांत दबते, तेव्हा एकदा फिटरला, म्हणजे खोगीर मापात बसवून देणाऱ्याला, दाखवायचं आणि पुढे निदान सहा महिने ते वर्षाने एकदा. कोवळा, वाढीचा घोडा असेल तर त्याहून लवकर. मधल्या काळात घरी करण्यासारखं एक सोपं काम आहे. वाकवलं की तसाच राहणारा लवचीक रूलर घ्या, खांद्याच्या रेघेमागे दोन बोटं, खोगिराच्या मध्यावर आणि शेवटच्या बरगडीपाशी अशा तीन ठिकाणी पाठीवर दाबून आकार घ्या आणि जाड कागदावर रेघ ओढून तारीख टाका, डावी उजवी लिहायला विसरू नका, मी विसरले होते. तीन महिन्यांनी परत तिथेच, दुसऱ्या रंगाने. कागद बघून फिटरही अर्धी गोष्ट समजून जातो.

आणि पाठ आधीच बिघडली असेल तर? बसणं बंद. आधी डॉक्टर, सोबत दात आणि खुर बघून घ्या, कारण दाताखुरांचं दुखणं खोगिराच्या नावावर सहज खपतं. मग हातात दोर धरून चालवणं, चढउतार, जमिनीवरचे अडथळे ओलांडायला लावणं, हे काही आठवडे नाही तर महिने. खळगे पडलेल्या पाठीवर अगदी घट्ट मापाचं खोगीर करून घेऊ नका, झडलेले स्नायू परत यायला जागाच उरणार नाही, ट्री थोडी रुंद ठेवून मधली जागा फिटरने सांगितलेल्या पॅडने भरायची आणि स्नायू येतील तसं पॅड कमी करत न्यायचं. एवढी एकच खोगीरभरती मला मान्य आहे. माझ्या घोडीला साडेपाच महिने लागले, ठिपका अजून पांढराच आहे, आणि कान मागे जातात ते आता फक्त नालबंद आला की, त्याचं कारण शोधतेय.