दिवाळीत राजा अंपातला निघताना

बोटीचे पैसे भरण्याआधी सुट्टी कोणती ते ठरवा, कारण तिथला समुद्र आपल्या शाळांचं वेळापत्रक बघून शांत होत नाही. राजा अंपात म्हणजे इंडोनेशियात पापुआच्या पश्चिम टोकाला असलेली दीड हजारांहून जास्त बेटं, आणि ही सफर म्हणजे काही दिवस बोटीवरच राहून ती बघणं. ऑक्टोबर ते एप्रिल तिथे पाणी निवळ असतं. जून ते सप्टेंबर दक्षिणेचे वारे सुटतात, दक्षिणेकडच्या मिसूल बेटाचा भाग खवळतो आणि बऱ्याचशा बोटी इंडोनेशियातल्याच कोमोडो बेटांकडे निघून जातात. त्यामुळे दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी असेल तर राजा अंपात, आणि मे महिन्याचीच मिळणार असेल तर सरळ कोमोडो. हंगाम संपताना मिळणाऱ्या सवलतीला भुलू नका. पुढचं सगळं दिवाळीत पुण्याहून निघणाऱ्या, आई-बाबा आणि मुलं सोबत असलेल्या घरासाठी लिहितेय.

बोट निवडताना बाथटबचे आणि फुलं पसरलेल्या पलंगांचे फोटो बाजूला ठेवा. तिथल्या आलिशान बोटी बहुतेक पिनिसी असतात, म्हणजे दोन डोलकाठ्यांची मोठी लाकडी जहाजं. ती दक्षिण सुलावेसीच्या किनाऱ्यावर बांधली जातात आणि ती कला २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. जहाज देखणं असतंच. पण ते लाकडाचं आहे, आणि लाकडी बोटीवर सगळ्यात मोठी भीती आगीची. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ बेटाजवळ ‘कन्सेप्शन’ नावाची डायव्हिंगची बोट जळाली. ३४ माणसं गेली, आणि ती खालच्या मजल्यावर झोपलेली होती. रात्री बोटीवर गस्त नव्हती, हे चौकशीत ठळकपणे पुढे आलं.

म्हणून ॲडव्हान्स देण्याआधी ईमेलवर विचारा आणि उत्तर लेखी घ्या. रात्रभर कोणी जागं असतं का? खालच्या केबिनमधून बाहेर पडायच्या दोन वाटा आहेत का, आणि दुसरी कुठे उघडते? फोन-कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या कुठे चार्ज करायच्या? लाइफ राफ्ट, सॅटेलाइट फोन, ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का? मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं आहेत की मोठ्यांचीच आवळून घालायची? यात उद्धट काही नाही. चांगली कंपनी अशी उत्तरं आनंदानं देते, आणि टाळाटाळ करणाऱ्या कंपनीची बोट मी घेणार नाही, मग सूट कितीही असो.

आणखी एक प्रश्न आपल्या घरांच्या दृष्टीनं फार महत्त्वाचा: डायव्हिंग न करणाऱ्यांसाठी वेगळा गाइड आणि वेगळी छोटी बोट असते का? राजा अंपातच्या बहुतेक सफरी डायव्हर लोकांभोवती आखलेल्या असतात. ते पाण्याखाली गेले की स्नॉर्कलिंगवाले, म्हणजे मास्क लावून वरच तरंगत खाली बघणारे, ‘इथेच कुठेतरी’ सोडले जातात. तिथले प्रवाह जोरदार आहेत. मासे तिथे जमतात ते त्या प्रवाहांमुळेच, आणि तोच प्रवाह दहा मिनिटांत माणसाला बोटीपासून लांब नेतो. आई-बाबा किंवा मुलं पाण्यात असताना छोटी बोट त्यांच्या मागेमागे यायला हवी. हे ठरल्याशिवाय पैसे भरू नका.

पैशांचं थोडक्यात. सागरी उद्यानाचं प्रवेशशुल्क, इंधनाचा अधिभार, विमानतळावरून ने-आण आणि मास्क आणि फिन्सचं (पोहताना पायात घालायच्या वल्ह्यांचं) भाडं किमतीत धरलंय का ते विचारा. परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पॅकेज विकणारा आगाऊ घेतो तो कर, कापला जातो. तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, पण हातातून आत्ता जातो, म्हणून हिशोबात धरा.

पासपोर्ट आजच कपाटातून बाहेर काढा. पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने मुदत हवी. मोठ्यांचे पासपोर्ट दहा वर्षांचे असतात, लहान मुलांचे पाचच वर्षांचे, आणि नेमके तेच लक्षात न येता संपत आलेले असतात. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ गणपतीच्या आधी घेतलेली बरी. इंडोनेशियाचा तीस दिवसांचा व्हिसा भारतीयांना पोहोचल्यावर मिळतो. घरबसल्या ऑनलाइन काढला तर रांग वाचते.

प्रवास लांबचा आहे आणि तो सैल ठेवणं यातच शहाणपण आहे. पुण्याहून द्रुतगती मार्गानं मुंबई विमानतळ, तिथून जकार्ता, मग देशांतर्गत विमानानं सुमारे चार तासांवर सोरोंग, जिथल्या बंदरातून बोट सुटते. सोरोंगचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. बोट सुटण्याच्या आदल्या दिवशी तिथे पोहोचा आणि एक रात्र हॉटेलात काढा. विमान चुकलं तर दुसरं मिळतं. बोट मात्र एकदा बंदर सोडून गेली की तिला गाठणं महाकठीण. दिवाळीच्या आधी घाटात गाड्या खोळंबतात, तेव्हा मुंबईला निघताना वेळ हातचा राखून ठेवा. देशांतर्गत विमानाची सामानाची मर्यादा आंतरराष्ट्रीय विमानापेक्षा कमी असू शकते. बॅगा त्या मर्यादेत भरा.

आता तब्येत, आणि इथे मी आग्रही आहे. पापुआत मलेरिया आहे, फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स दोन्ही प्रकारांचा. निघण्याच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना भेटा आणि प्रतिबंधक गोळी त्यांनाच ठरवू द्या. डॉक्सिसायक्लिन दिली तर ती परतल्यावरही चार आठवडे घ्यावी लागते, आणि लोक नेमके तिथेच ढिले पडतात. त्या गोळीनं त्वचा उन्हाला हळवी होते, आणि विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर ऊन काय असतं ते वेगळं सांगायला नको. लहान मुलांना ती देत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरी गोळी विचारा. संध्याकाळ ते पहाट पूर्ण बाह्यांचे कपडे आणि ओडोमॉस. परत आल्यावर कुणाला ताप आला तर ‘पापुआला जाऊन आलोय’ हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

ज्यांना घाटात ॲव्होमिन लागते त्यांना ती बोटीवरही लागणार. बोट हलायच्या आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. सोबत आलेपाक ठेवा. रक्तदाब-साखरेच्या गोळ्या दोन जागी वाटून ठेवा, पट्ट्या मूळ पाकिटात, चिठ्ठी इंग्रजीत. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल, झोपेच्या गोळ्या यांच्याबाबत इंडोनेशियाचे कायदे कडक आहेत. गरज नसेल तर नेऊच नका. विम्यात बोटीवरून हॉस्पिटलपर्यंत नेण्याचा खर्च लिहिलेला हवा. मोठं हॉस्पिटल सोरोंगला, आणि बोट मिसूलच्या बाजूला असेल तर तिथवर यायलाच अनेक तास जातात. डायव्हिंग करणार असाल तर तेही पॉलिसीत येतं का ते बघा, आणि शेवटची डाइव्ह परतीच्या विमानाच्या निदान अठरा तास आधी संपवा.

शरीराची तयारी पुण्यातच होते. राजा अंपातमधल्या पियानेमो टेकडीच्या माथ्यावरून ती हिरवी बेटं दिसतात ना, सगळ्या फोटोंत असतात ती, तिथे जायला तीनशेहून जास्त लाकडी पायऱ्या आहेत. पर्वतीला १०३. आई-बाबांनी गणपतीपासून रोज सकाळी पर्वती चढावी. सलग तीनदा, न धापता जमायला लागलं की पियानेमो त्यांचंच.

पाण्याची सवय टिळक तलावावर किंवा जवळच्या कुठल्याही जलतरण तलावावर करा, पण स्वतःचा मास्क घेऊन. बोटीवर मास्क मिळतो, चेहरा मात्र प्रत्येकाचा वेगळा. दुकानात पट्टा न लावता मास्क नुसता चेहऱ्याला टेकवा, नाकानं हलकेच श्वास आत घ्या आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तो तुमचा. नवीन मास्कच्या काचेवर आतून एक पातळ थर असतो, त्यामुळे काच सतत धुकटते. साधी पांढरी टूथपेस्ट बोटावर घेऊन आतून चांगली चोळा, धुवा, परत चोळा. दोन-तीनदा हे झालं की काच लखलखते. बाबांना मिशी असेल तर नाकाखालची वरची कड बारीक कापून घ्या, पाणी तिथूनच शिरतं. चष्मा असलेल्यांनी नंबरची काच बसवलेला मास्क आधीच मागवावा. पहिल्या दिवशी उथळ पाण्यात फक्त चेहरा बुडवून तोंडानं श्वास घ्यायचा, बाकी काही नाही. आईला पोहता येत नसलं तरी लाइफ जॅकेट घालून, गाइडचा हात धरून ती मँटा रे हा भलामोठा चपटा मासा बघू शकते. तिला ‘तू बोटीवरच बस’ म्हणू नका.

सामान कमी. चाकांच्या कडक बॅगा केबिनमध्ये मावत नाहीत आणि लाकडी जमिनीवर ओरखडे काढतात, म्हणून घडी होणाऱ्या मऊ बॅगा घ्या. बोटीवर अनवाणीच राहायचं असतं. दोन पोहण्याचे पोशाख, म्हणजे एक वाळत असताना दुसरा. पूर्ण बाह्यांचा लायक्राचा टॉप सगळ्यांना, तो सनस्क्रीनपेक्षा जास्त कामाचा आणि प्रवाळाला निरुपद्रवी. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं घ्या, ऑक्सिबेंझोनचं नको. मिसूलच्या जेलीफिशच्या तळ्यात उतरताना तेही नको, फिन्सही नकोत. वायगेओ बेटावर तांबडा बर्ड ऑफ पॅरडाइज पक्षी बघायला पहाटेच्या अंधारात जंगलात जावं लागतं, त्यासाठी गडद कपडे, बूट, टॉर्च आणि दुर्बीण. याच तांबड्या पक्ष्याच्या शोधात ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस १८६० मध्ये वायगेओला येऊन राहिला होता. दुर्बीण नसेल तर मित्राकडून मागून न्या, पण न्याच. आपली दोन गोल पिनांची प्लग तिथे चालते, तीन पिनांची नाही. ॲडाप्टर ठेवा, पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा आणि रात्री केबिनमध्ये काही चार्जिंगला लावून झोपू नका.

जेवणाचं आधी कळवा आणि नेमकं कळवा. ‘व्हेजिटेरियन’ एवढं पुरत नाही, कारण तिथल्या सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, तेरासी असते, आणि तेरासी म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा लगदा. भाजीतही ती जाते. ‘तेरासी नको, माशाचा सॉस नको’ असं लिहा. टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफू तिथे उत्तम मिळतात, शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. तरीही मेतकूट, लसणीची चटणी आणि भाजणीचं एक पाकीट न्या. आचाऱ्याला थालीपीठ दाखवलं तर तो हौसेनं थापतो. फराळात चकली, शंकरपाळे, चिवडा टिकतात. खव्याचं काही नेऊ नका. लक्ष्मीपूजन बोटीवर येणार असेल तर पणत्या बॅटरीच्याच न्या. लाकडी बोटीवर ज्योत नको, आणि त्यात वाद नको. खलाशांना फराळाचं ताट द्या.

अर्बोरेकसारख्या गावात उतरताना खांदे-गुडघे झाकलेले असावेत. मुलांना चॉकलेटं वाटू नका. तिथल्या बायका केवड्याच्या जातीच्या पानांच्या टोप्या विणतात, त्या विकत घ्या. त्यासाठी इंडोनेशियन रुपयाच्या लहान नोटा सोरोंगलाच काढून ठेवा, पुढे एटीएमचा भरवसा नाही. खलाशांची बक्षिसी वेगळ्या पाकिटात आताच घाला, ती शेवटच्या दिवशी कॅप्टनकडे सगळ्यांच्या वतीनं एकत्र द्यायची. शिंपले, कवड्या, प्रवाळाचा तुकडा, किनाऱ्यावर पडलेला का असेना, काहीही उचलायचं नाही, हे मुलांना पुण्यातच सांगा.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी एक कागद लिहा: बोटीचं नाव, कंपनीचा आणि सॅटेलाइट फोनचा नंबर, कोणत्या दिवशी कोणत्या बेटांजवळ असाल, विम्याचा पॉलिसी नंबर, घरच्या डॉक्टरांचा फोन. एक प्रत शेजारच्या काकूंकडे घराच्या किल्लीसोबत द्या, एक भावाकडे. दोघांनाही सांगा की मधले काही दिवस फोन लागणार नाही, घाबरू नका, आणि परत सोरोंगला कोणत्या दिवशी फोन येईल तेही त्याच कागदावर लिहा.