मित्रासाठी मिक्सटेप करताय? या चुका टाळा

मित्राला आपला आवडता गिटारवादक ऐकवायचा म्हणजे त्याचा इतिहास शिकवायचा, असा बऱ्याच जणांचा समज असतो. माझाही होता. ब्रिटिश रॉक गिटारवादक जेफ बेकची पहिली टेप केली ती नव्वद मिनिटांची आणि अगदी सनावळीप्रमाणे. आधी १९६५-६६ची यार्डबर्ड्स या बँडमधली गाणी, मग रॉड स्ट्यूअर्टच्या आवाजातला १९६८चा 'ट्रुथ' हा अल्बम, मग पुढचं सगळं. ज्या 'ब्लो बाय ब्लो' अल्बममुळे (१९७५) मी स्वतः बेकच्या नादी लागलो, तो पार बी बाजूला गेला.

दोन आठवड्यांनी टेप परत आली.

"कशी वाटली रे?"

"मस्त आहे."

कॅसेट हातात घेतली, खिडकीतून पाहिलं. ए बाजूची जवळपास सगळी फीत डावीकडच्या चकरीवर तशीच गुंडाळलेली. गडी तिसऱ्या गाण्यापाशी उठून गेला होता आणि टेप मागे गुंडाळून ठेवायचंही त्याला सुचलं नव्हतं. मी काही बोललो नाही. चूक माझीच होती. हा माणूस ख्याल-ठुमरी ऐकणारा, आणि मी त्याच्या कानावर साठच्या दशकातला ब्लूज-रॉक आदळला होता.

दुसऱ्या टेपेत पहिलं गाणं ठेवलं 'नादिया'. मूळ रचना नितीन सोहनीची, १९९९च्या 'बियाँड स्किन' अल्बममधली, स्वाती नाटेकरांनी गायलेली. बेकनं ती पुढे गिटारवर वाजवली. ऐंशीच्या दशकात त्यानं पिक, म्हणजे तार छेडायची चकती, जवळजवळ सोडूनच दिलं होतं. तार बोटांनी छेडायची, करंगळीनं व्हॉल्यूमचं बटण फिरवायचं आणि व्हॅमी बारनं, म्हणजे गिटारच्या घोडीला लावलेल्या दांडीनं, सूर खेचायचा, ही त्याची पद्धत. त्यामुळे मींड मींडेसारखी ऐकू येते. मित्र अर्ध्या मिनिटात म्हणाला, "अरे, हा तर गातोय." मग त्याला लागूनच १९८९चं 'व्हेअर वेअर यू'. त्यात तर चालच हार्मोनिक्स (तारेला हलका स्पर्श करून काढलेले घंटेसारखे सूर) आणि व्हॅमी बारवर उभी आहे. साठच्या दशकातलं एकच, 'बेक्स बोलेरो', तेही शेवटी. तीन मिनिटांच्या आत संपतं, कोणी कंटाळत नाही.

त्यात नावाजलेला गिटारवादक जिमी पेज आणि ड्रमर कीथ मून वाजवतायत हे मी सांगितलं नाही. वाजत्या गाण्यावर बोलणारा माणूस मला सहन होत नाही.

आता फीत. नव्वदची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं, साठची म्हणजे तीस. नवख्या कानाला साठचीच द्या. एकशेवीसची तर घेऊच नका, तिची फीत इतकी पातळ असते की डेकमध्ये गुंतलीच म्हणून समजा. गाण्यांची मिनिटं आधी कागदावर मांडा. बाजू संपताना गाणं अर्ध्यात तुटलं, तर ऐकणाऱ्याला वादक नाही, तो 'खट्' आवाज लक्षात राहतो. शेवटी दीड-दोन मिनिटं रिकामी राहिली तर राहू द्या. जागा दिसली की भरायची, ही घाई मला कळतच नाही.

सुरुवातीचंही तसंच. फितीच्या तोंडाशी पाच-सात सेकंदांचा कोरा पट्टा असतो, त्यावर काहीच उमटत नाही. 'कॉज वुई'व्ह एन्डेड अॅज लव्हर्स' या स्टीव्ही वंडरच्या रचनेत बेकचा पहिला सूर शांततेतून हळूहळू फुगत वर येतो. मी एकदा बी बाजू त्यानंच उघडली आणि पट्टा पुढे न सरकवता रेकॉर्डचं बटण दाबलं. तो सूर गेला, गाणं मधूनच सुरू झाल्यासारखं. तेव्हापासून मी कॅसेटच्या भोकात पेन्सिल घालून कोरा पट्टा हातानं पुढे घेतो, तपकिरी फीत दिसली की थांबतो.

'सर्वोत्तम वीस' अशी कोणाची तरी यादी उचलून पाच मिनिटांत काम उरकणाऱ्यांबद्दल काय बोलणार! साठ मिनिटांची टेप भरायला साठ मिनिटंच लागतात, आणि ती डेकपाशी बसून काढायची असतात. ज्या गाण्याला तुम्हालाच चहा करायला उठावंसं वाटलं, ते काढून टाका. मी असं एकदा साडेनऊ मिनिटांचं लाइव्ह रेकॉर्डिंग गाळलं, आणि ते माझं लाडकं होतं.

आवाजाची पातळी प्रत्येक गाण्याला नव्यानं लावा. जुनी रेकॉर्डिंग हळू, नंतरची दणदणीत, आणि ऐकणारा दर वेळी उठून बटण फिरवणार नाही.

फोनवर यादी देत असाल तर शफल बंद ठेवायला सांगा. सांगूनही तो ठेवणार नाही, पण सांगा.

एका टेपेत एकच वादक. "याच्यासारखाच अजून एक" नको.

दुसऱ्या दिवशी "ऐकलीस का?" विचारू नका. आठवडाभर तरी गप्प बसा.

आणि भरून झाल्यावर कॅसेटच्या वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही दात मोडा, नाहीतर कोणीतरी त्यावर दुसरं काही भरून टाकेल. पुढे तुम्हालाच काही बदलायचं झालं तर त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की काम होतं.